कोळ्यांचा रकाना

१

धान जळालं होतं आणि आग कुठेच लागली नव्हती.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी दवनीवाड्याच्या शिवारात कुंता रहांगडालेच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी होते. समोर तिची एक एकराची बांधी, म्हणजे धानाचं शेत, मधोमध बांधलेली नायलॉनची दोरी. दोरीपलीकडचा अर्धा भाग हिरवा, लोंब्या दाण्याने वाकायला लागलेल्या. अलीकडच्या अर्ध्यात गोल गोल तपकिरी चट्टे, वाळून कोळसा झालेले. एका कोपऱ्यात, मोहाच्या झाडाजवळ, चार खाटांएवढा तुकडा तेवढा हिरवा राहिला होता. तो मी पाहिला आणि सोडून दिला. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

चिखलात उतरून एका बुंध्यावर थाप मारली. पाण्यावर मूठभर तुडतुडे सांडले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तुडतुडा हा तांदळाच्या कणीएवढा किडा. धानाच्या बुंध्याला चिकटून रस पितो, आणि एकदा फोफावला की आठ दिवसांत उभं पीक वाळवून टाकतो.

मी योगेश्वरी तुरकर. धानाच्या संशोधन केंद्रात किड्यांचा अभ्यास करते. स्वभाव तापट आहे, असं घरचे म्हणतात, केंद्रातले म्हणतात, माझी स्कूटी दुरुस्त करणाराही म्हणतो. माहेर आमगावचं, त्यामुळे रागात आले की पुस्तकी मराठी सुटते आणि घरची बोली तोंडात येते. त्या सकाळी ती आलीच.

"कुंता, हे केव्हापासून आहे वो? काऊन नाही सांगितलंस?"

"मॅडम, मागच्या सोमवारी बुंध्याले सहा होते. दहाच्या आत होते, म्हून औषध नाई मारलं. तुमीच सांगतलं होतं. काल मोजाले उतरली, तं हे असं." कुंता तिशीतली, हाडकुळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. ती रडत नव्हती. "मी बरोबर मोजलं, मॅडम."

हा प्रयोग माझा होता. दोरीपलीकडच्या अर्ध्यात गावाच्या रिवाजाप्रमाणे दर पंधरा दिवसांनी फवारा, किडे असोत की नसोत. अलीकडच्या अर्ध्यात आधी मोजणी: दर सोमवारी कुंता चिखलात उतरणार, किडे मोजणार, किडे खाणारे कोळी मोजणार, आणि आकडा ठरलेल्या हद्दीवर गेला तरच औषध. आतापर्यंत एकदाही मारावं लागलं नव्हतं.

माझ्यासाठी हा प्रयोग होता. कुंतासाठी ती जमीन होती. तिचा नवरा तिलक हैदराबादला गाडी चालवतो. त्याच्या वाट्याची बांधी कोणी करायची, यावरून घरात वर्षभर धुसफूस होती. भासरा सेवकराम, म्हणजे तिलकचा मोठा भाऊ, म्हणे, बाईमाणसाला जमणार नाही. कुंता म्हणे, जमेल. शेवटी सासऱ्यांनी, उदेलालजींनी, फैसला दिला. एक हंगाम. कुंताचा अर्धा भाग पलीकडच्या बरोबरीने पिकला तर बांधी तिच्या हाती, नाहीतर पुढच्या रोवणीपासून सेवकरामच्या. शुक्रवारी शेतीदिन होता. आजूबाजूचे चाळीस शेतकरी दोन्ही भाग पाहायला येणार होते, आणि घरचा निकाल त्यांच्यासमोरच लागणार होता.

उदेलालजी धुऱ्यावर छत्री टेकवून उभे होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. "मॅडम, माह्या सुनेनं काही कसूर नाई केली," ते म्हणाले. "लोकं म्हनत, उदेलालच्या बांधीत किडे पोसून राहिले. पन मी तिच्या बाजूनं राहिलो."

"किडे नाही बाबा, कोळी पोसत होतो आम्ही."

"कोळी बी किडेच ना, मॅडम."

मी त्यांना समजावायच्या फंदात पडले नाही. उकिडवी बसून वीस बुंधे हलवले. तुडतुडे शेकड्याने, आणि कोळी एक, तोही पिल्लू. जिथे खायला इतकं आहे तिथे खाणारे गोळा होतात, हा शिवाराचा नियम. इथे ते नव्हते. आपोआप ते कुठे जात नाहीत.

कोणीतरी मारले होते.

२

"वही आण," मी म्हणाले.

कुंताची वही शाळेतल्या पोरांची असते तशी, वर पोपटाचं चित्र. आत पट्टीने आखलेले रकाने. सोमवार, तुडतुडे, खोडकिडा, कोळी. अक्षर बाळबोध, एकही सोमवार चुकवलेला नाही. मी तुडतुड्यांच्या रकान्यावरून बोट फिरवलं: एक, एक, दोन. मग कोळ्यांचा रकाना. दहा बुंध्यांत अकरा, बारा, चौदा. त्याच्या खाली शून्य. त्याच्या खाली शून्य. मग एक, आणि तिथून पुढे एकच.

"हे शून्य कधीचं?"

"तीजेनंतरच्या सोमवारचं. तीजेले मी माहेरी गेली होती, तिरोड्याकडं. तीन दिवस." आमच्याकडे तीजेला, म्हणजे हरतालिकेला, लग्न झालेली पोरगी माहेरी जाते, त्याला कोणी आडकाठी करत नाही. "आली तं कोळी दिसत नव्हते. मी लिवलं, मॅडम. फोटो बी पाठवला तुमाले."

पाठवला होता. मी मोबाइल उघडून पाहिलं. पाच आठवड्यांपूर्वीचा तो फोटो, त्यात ते शून्य स्वच्छ दिसत होतं, आणि त्याखाली माझं उत्तर: एक पिवळा अंगठा. मी फक्त तुडतुड्यांचा रकाना पाहून अंगठा पाठवला होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ती पाच आठवड्यांपूर्वी सांगत होती आणि बाईसाहेब अंगठा दाखवत होत्या.

तरी घाई करायची नाही म्हणून आधी बाकीच्या शक्यता पाहिल्या. युरिया जास्त पडला की तुडतुडे माजतात. मी पानाच्या रंगाची पट्टी काढून दोन्ही भागांतली पानं ताडून पाहिली. रंग एकच, म्हणजे माती तपासून ठरवलेलीच मात्रा पडली होती. हवा खेळावी म्हणून रोवणीच्या वेळी सोडलेले पट्टे जागच्या जागी होते. पाणीही सारखं.

मग उरतो फवारा. कोणतंही सर्व किड्यांवर चालणारं औषध मारा, आधी मरतात कोळी, कारण ते पानांवर उघडे फिरतात. तुडतुडे खाली बुंध्यात. त्यांना थेंब पोचत नाही, आणि त्यांची अंडी तर देठाच्या आत. पहारेकरी मेले की चोरांना मोकळं रान. महिनाभर काहीच दिसत नाही. मग एका आठवड्यात सगळं दिसतं. पलीकडचा भाग वाचला, कारण तिथे सप्टेंबरअखेर खास तुडतुड्यांचं औषध ठरल्याप्रमाणे पडलं होतं.

म्हणजे तीजेच्या त्या तीन दिवसांत, जेव्हा कुंता गावात नव्हती, तेव्हा कोणीतरी तिच्या न फवारायच्या अर्ध्यात फवारा मारला होता.

"पंप कुठे असतो, कुंता?"

"आमच्याच कोठ्यात टांगला राहते. दुर्गेशभाऊ येऊन पलीकडं मारते, आन् ठेवून जाते."

दुर्गेश माझा कंत्राटी सहायक. तीजेच्या आठवड्यात पलीकडे फवारायची पाळी त्याचीच होती. मी त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दुपारपर्यंत अकरा वेळा लावला.

३

दुर्गेश मला बुधवारी सकाळी बिरसीला सापडला, विमानतळाच्या कुंपणापाशी चहाच्या टपरीवर. वर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं घिरट्या घालत होती, आणि त्यांच्या घरघरीने माझं डोकं आणखीच उठलं. मला बघून तो उठला आणि चहा सांडला.

"फोन काऊन बंद आहे तुझा?"

"मॅडम, ते धान वाळलं ऐकलं, आन् मी भेलो."

"का भ्यायलास? दोरीच्या अलीकडे मारलंस तू?"

"नाई मॅडम. मी अलीकडं बी नाई मारलं, आन् पलीकडं बी नाई मारलं. त्या आठवड्यात मी आलोच नाई."

आणि त्याने सगळं ओकून टाकलं. तीजेच्या आठवड्यात तो नागझिऱ्याला गेला होता, जंगलातल्या गाइडच्या निवडीसाठी. माझ्याकडचं कंत्राट मार्चमध्ये संपणार, पुढचं काही खरं नाही, म्हणून. फवारणी केली असं त्याने कागदावर लिहून दिलं आणि ती प्रत्यक्षात केली पुढच्या सोमवारी. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला: खाकी कपड्यातल्या लोकांसोबत तो, खाली तारीख.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. खोटा अहवाल म्हणजे माझ्या धंद्यात पाप. पण माणूस खोटारडा निघाला म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नव्हती. मी स्कूटीला किक मारली, तेवढ्यात तो मागून म्हणाला, "मॅडम, एक सांगू? तुमी चिडसान."

"चिडलेलीच आहे. सांग."

"त्या सोमवारी मी आलो, तं पंप धुतला होता. आतून बी धुतला होता, आन् पानी निथरून जावं म्हून उलटा टांगला होता. मी तं कदी पंप धुवत नाई, मॅडम. गावात कोनीच नाई धुवत."

४

गावात ज्याच्यावर सगळ्यांचं बोट होतं तो सेवकराम. जमीन त्यालाच हवी होती. मी त्याला त्याच्या बांधीवर गाठलं. तो ट्रॅक्टरच्या चाकातली माती सळईने काढत होता. त्याच्या ट्रॅक्टरला जोडलेला फवाऱ्याचा पंप मी आधी पाहिला. नळीवर औषधाचे जुने पांढरे थर, टाकीच्या तळाशी वाळलेला गाळ.

"कायले पाहून राहिल्या, मॅडम? मी मारला म्हून संशय आहे ना?" त्याने वर न बघता विचारलं.

"आहे."

"असू द्या. मी तं पयल्या दिवसापासून म्हनून राहिलो, फवाऱ्याबिगर धान होत नाई. चावडीवर म्हटलं, घरात म्हटलं, तुमच्या तोंडावर म्हटलं. आता नाई झालं. मंग मले चोरून माराची काय गरज? तुमची रीत आपोआपच मरनार होती, असंच मले वाटे."

चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात आलं. पण बोलणं नीट ऐकलं तर त्यात खोट सापडेना. ज्याला खात्री आहे की शत्रू स्वतःच खड्ड्यात पडणार, तो ढकलायला जात नाही.

मी त्याच्या बांधीकडे पाहिलं. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत सपाट, एक कोपरा वाकडा नाही. "तुमचं शिवार फार सरळ आहे हो, सेवकरामजी."

"देव होता तिथी." त्याने सळईने कोपऱ्याकडे खूण केली. "आमच्या शिवारात दोन देव. एक या कोपऱ्यात, एक तिकडं मोहाखाली, कुंताच्या बांधीत. गोटाच तो. माह्या ट्रॅक्टरले आडवा येत होता. उचलला आन् घरी नेऊन ठेवला. बुढा एक महिना बोलला नाई माह्यासंगं."

"आणि मोहाखालचा?"

"तो आहे. तिथी बुढ्याचं राज्य आहे."

परत जाताना मी मोहाजवळून गेले. त्या हिरव्या तुकड्यापाशी आता मात्र थांबले. आदल्या दिवशी ज्याला सोडून दिलं होतं, तोच. दगडाला शेंदूर होता, आणि त्याच्याभोवती अर्धगोल, कोणी दोरी धरून आखावा तसा, हिरवा. दहा बुंधे मोजले. तेरा कोळी.

या तुकड्यावर फवारा पडलाच नव्हता. मारणाऱ्याने तो जाणून-बुजून वगळला होता. ज्याने देव उचलून घरी ठेवला, तो फवारताना देवापाशी कशाला थांबेल? सेवकराम सुटला.

पण मग घरात उरलं कोण, हे डोळ्यांपुढे आलं आणि मला ते नको होतं.

५

नको असलेलं उत्तर आलं की माणूस दुसरं शोधायला धावतो. मी गुरुवारी सकाळीच इंद्रकुमारच्या दुकानात गेले. त्याचं कृषी केंद्र चौकात, काउंटरवर औषधाच्या बाटल्यांची रांग. कुंताची रीत गावात लागली असती तर सर्वांत आधी त्याचंच दुकान थंड पडलं असतं. तो गोंदियाचा, अर्धा हिंदीत बोलतो, आणि कोणाचंही नाव सांगत नाही.

"अरे मॅडम, बैठो ना. चाय पिओगे?"

"नको. तीजेच्या आठवड्यात रहांगडाल्यांच्या घरून कोणी औषध नेलं?"

"मॅडम, नाम नहीं बताता मैं. आज बताया तो कल मेरी दुकान पे कौन आएगा?"

मी काउंटरवर हात आपटला. बाटल्या हलल्या. त्याने त्या एकेक सरळ केल्या आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "एक बात बताता हूँ, नाम नहीं. जिसने ली, उसने दाम नहीं पूछा, कंपनी नहीं पूछी. बस एक ही बात पूछी, बिना बास की कौन सी है."

"वासाची का नको?"

"वो तो आप सोचो."

मी दुकानाच्या पायरीवर बसून विचार केला. पीक बिघडवायला निघालेल्या माणसाला वासाची काय फिकीर? वास लपवायचा तो कोणापासून? तीन दिवसांनी माहेरून परत येणाऱ्या आणि सोमवारी चिखलात उतरणाऱ्या कुंतापासून. म्हणजे तिला कळू नये, अशी इच्छा. म्हणजे पीक बिघडावं अशी नव्हे, चांगलं यावं आणि तिच्याच नावावर लागावं, अशी. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

मी रहांगडाल्यांच्या घरी गेले. कुंता बांधीवर होती. सासू निर्मलाबाई अंगणात सुपात डाळ पाखडत होत्या. गुडघ्यांनी कामातून गेलेल्या, भिंत धरून उठतात. पाठीवर पंप घेऊन अर्धा एकर चिखल तुडवणं त्यांच्याने होणं नाही.

"मोहाजवळचं धान वेगळं कापता का, बाई?"

"व्हय. देवाच्या कोपऱ्यातलं आहे ते. नवं खायच्या दिवशी त्याच तांदराचा निवद राहते. तिथी औषध नाई पडू देत. माह्या लग्नापासून पाहून राहिली, बुढ्याचा नेम आहे." त्यांनी सूप थांबवलं. "पोरं तो नेम नाई पारत. एकट्यानंच पारते तो."

"आणि पंप वापरला की धुतात का ते?"

"धुते तं. पाप धुतल्यावानी धुते. कायले विचारून राहिल्या?"

मी कोठ्याकडे वळले. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

उदेलालजी मागच्या कोठ्यात होते, बैलांपुढे तणस टाकत. पंप खुंटीला, उलटा. मी दाराशी उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. कोळ्यांचं शून्य. तीजेचे तीन दिवस. धुतलेला पंप. बिनवासाचं औषध. देवाभोवतीचा अर्धगोल. शेवटी म्हणाले, "शत्रूने मारलं असतं तर देवाला काठाने वळसा घातला नसता, बाबा."

त्यांनी हातातली तणस खाली ठेवली. बैलाच्या पाठीवर हात फिरवला.

"पानठेल्यावर हासत होते लोकं," ते म्हणाले. "सून किडे मोजते आन् सासरा पाहत राहते म्हनत. मी पाह्यलं, पान गुंडाळनारी अळी दिसून राहिली होती. चार पानं. मले झोप नाई लागली. म्हटलं, पोरगी गावाले जाऊन राहिली, एकदा मारून देतो. तिची बांधी पिकंल, ती जिंकंल, आन् सेवकराम गप्प बसंल. कोनाले काई समजनार नाई."

"चार पानं, बाबा. त्याच्या दहापट असती तरी चाललं असतं."

"मले काय मालूम? पन्नास वर्षं झाले, किडा दिसला तं मारला. किडा दिसला आन् हात बांधून बसलो, असं मी कदी केलं नाई."

मला राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचाच राग आला. हा माणूस पोरीच्या भल्यासाठी चिखलात उतरला होता, आणि तिची जमीन तिच्या हातून काढून बसला होता.

"उद्या चाळीस लोक येणार. मी काय सांगू त्यांना? मोजायची रीत फसली, म्हणून? कुंताने चुकीचं मोजलं, म्हणून?"

त्यांनी तणस पुन्हा उचलली.

"तुम्ही बोला. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. आणि मी बोलले तर फार वाईट बोलेन, माझा स्वभाव तसा आहे."

"गावात माही इज्जत आहे, मॅडम."

"कुंताची बांधी आहे."

मी स्कूटी काढली.

६

शुक्रवारी दहा वाजता धुऱ्यावर माणसं दाटली. चट्टे पाहून कोणी चुकचुकलं, कोणी हसलं. एक जण म्हणाला, "कोळ्याईनं धान खाल्लं का गा?" आणि चार लोक खिदळले. कुंता वही छातीशी धरून उभी होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं. दोनदा सांगायला गेले आणि परत आले. हे तिने माझ्या तोंडून ऐकू नये असं वाटत होतं, आणि उदेलालजींचा पत्ता नव्हता. मी घड्याळ पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं.

सेवकराम पुढे झाला. "मॅडम, आता सांगून टाका. लोकाईले काम आहेत."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागची माणसं बाजूला सरली. उदेलालजी आले होते, पांढरं धोतर, हातात टोपी. डोक्यावर नव्हती.

"हा फवारा मी मारला," ते म्हणाले.

आधी कोणाला समजलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता: तीज, बाटली, पंप, मोहाखालचा देव. आवाज मध्येच फाटला, तरी थांबले नाहीत. मग मी वही उघडून तो रकाना लोकांना दाखवला, आणि मोहाजवळच्या तुकड्यातले कोळी मोजून दाखवले. जिथे फवारा पडला तिथे धान वाळलं, जिथे पडला नाही तिथे उभं आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला. मघा खिदळणारेही वाकून बघायला लागले.

"हारलो तं मी हारलो," उदेलालजी म्हणाले. "सून नाई हारली. बांधी कुंताच्या हाती. सेवकराम, तुले काही म्हनाचं आहे?"

सेवकरामने वाळलेल्या चट्ट्यांकडे पाहिलं, मग हिरव्या तुकड्याकडे. "मंग हे काही बरोबरीची कुस्ती नाई झाली," तो म्हणाला. "मान्य आहे. करू दे तिले."

सगळे कुंताकडे बघायला लागले. आता ती पुढे येऊन सासऱ्याच्या पाया पडेल, असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही तेच वाटलं. जमीन तिला मिळाली होती, भर सभेत मिळाली होती, आणि म्हाताऱ्याने त्यासाठी आपली टोपी उतरवली होती.

ती पुढे आली. पण वाकली नाही.

"मामाजी," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामाजीच म्हणते. "भासरे वर्षभर म्हनत होते, हिले जमनार नाई. मले त्याचं काही नाई वाटलं. ते समोर म्हनत होते. तुमी माह्या बाजूनं बोलत होते." ती थांबली. आवाज चढला नव्हता. "एक गोष्ट सांगा. मले खरंच मोजता येते, असं तुमाले एक दिवस तरी वाटलं का?"

वरून बिरसीचं एक विमान गेलं, त्याचा आवाज जाईपर्यंत उदेलालजी बोलले नाहीत. त्यांना खोटं बोलता आलं असतं. चार गोड शब्दांत सगळं मिटलं असतं, आणि लोकांनाही तेच हवं होतं.

"नाई," ते म्हणाले. "नाई वाटलं."

कुंताने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, या चार दिवसांत पहिल्यांदा, आणि तिने ते पदराने पुसलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय?

"बरं झालं, सांगतलं," ती म्हणाली.

मग ती लोकांकडे वळली. "चपला काढा आन् उतरा खाली. धुऱ्यावरून कोळी दिसत नाई. मी दाखवतो, कसं मोजाचं ते."

चाळीस माणसं एकमेकांकडे बघत राहिली. सर्वांत आधी सेवकराम उतरला. पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून तो तिच्या शेजारच्या ओळीत उकिडवा बसला आणि तिने सांगितलेला बुंधा दोन्ही हातांनी बाजूला केला. त्याच्या मागून बाकीचे उतरले. ती आकडे बोलत होती, सेवकराम तिच्या मागोमाग मोठ्याने म्हणत होता, आणि दोनदा चुकला तेव्हा तिने त्याला थांबवून पुन्हा मोजायला लावलं.

उदेलालजी धुऱ्यावरच उभे राहिले. त्यांना कोणी बोलावलं नाही, आणि मीही बोलावलं नाही.